१९५१चे सॅन फ्रान्सिस्को डॉन्स: एकही सामना न हरलेल्या संघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून पाहुणे आले की गोल्डन गेट पूल, वळणावळणाचा लोंबार्ड रस्ता हे ठरलेलं. मी त्यात केझार स्टेडियमची भर घालते. गोल्डन गेट पार्कच्या आग्नेय कोपऱ्यातलं हे मैदान आता छोटेखानी आहे, धावपट्टी सगळ्यांना खुली आहे. भर जुलैत धुकं उतरतं, सीगल गवतावर मालकासारखे फिरतात आणि पाहुणे स्वेटर शोधत विचारतात, "इथे बघायचं काय?" मग मी इथल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची, 'डॉन्स'ची, १९५१ सालची गोष्ट सांगते. त्यावर येणारे प्रश्न इतके ठरलेले आहेत की एकदाचे लिहूनच काढले.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल का?

नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांत रंगतो तो हा नव्हे. इथे चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. प्रत्येक बाजूला अकरा जण आणि शंभर यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्याकडे जातो. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात घुसलात की टचडाऊन, त्याचे ६ गुण. त्यानंतर चेंडू खांबांमधून मारला की आणखी १. एवढं पुरे. बाकीचे नियम मलाही पहिली दोन वर्षं कळले नव्हते आणि त्यावाचून काही अडलं नाही.

कॉलेजच्या पोरांच्या खेळाची एवढी कथा कशाला?

कारण तेव्हा व्यावसायिक फुटबॉलपेक्षा कॉलेजचा फुटबॉलच मोठा होता. शनिवारी दुपारी अख्खं गाव मैदानावर लोटायचं, वर्तमानपत्रांची पानं त्यानेच भरायची. हिवाळ्याच्या तोंडाशी देशभरातले पत्रकार मत देऊन संघांची क्रमवारी लावत आणि निवडक संघांना १ जानेवारीच्या आसपास 'बोल' सामन्यांचं निमंत्रण मिळे. हे निमंत्रण म्हणजे मान, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पैसा.

डॉन्स? म्हणजे गुंडांची टोळी?

हा प्रश्न प्रत्येक भाचा विचारतो. नाही रे बाबा. 'डॉन' हे स्पॅनिशमधलं आदरार्थी संबोधन, आपल्या 'राव' किंवा 'पंत'सारखं. कॅलिफोर्निया एकेकाळी स्पॅनिश, मग मेक्सिकन मुलूख, त्यावरून हे नाव. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को हे १८५५ साली जेझुइट पाद्र्यांनी सुरू केलेलं विद्यापीठ. शेजारच्या बर्कली किंवा स्टॅनफर्डच्या मानाने अगदी चिमुकलं. फुटबॉलचा डोलारा सांभाळायला लागतो तसला पैसा त्याच्याकडे कधीच नव्हता.

या संघात होतं तरी कोण?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गोष्टीची खरी गंमत माणसांत आहे.

ऑली मॅटसन हा संघाचा हुकमी एक्का. टेक्ससमध्ये जन्म, सॅन फ्रान्सिस्कोत शाळा. धिप्पाड होताच, पण धावायचा शर्यतीच्या धावपटूसारखा, आणि खरोखरच होताही. १९५१च्या हंगामात नऊ सामन्यांत त्याने चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाऊन केले. देशात त्या वर्षी त्याच्याइतकं कुणी धावलं नाही. आक्रमण आणि बचाव, दोन्हीकडे तोच. तरी सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात तो नववा आला. पुरस्कार गेला प्रिन्स्टनच्या डिक कॅझमायरकडे.

बर्ल टोलर मेम्फिसचा. बचावफळीचा कणा. तो आणि मॅटसन आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात एकत्र खेळले होते. तो १९४८चा संघही अजिंक्यच होता. हे दोघे कृष्णवर्णीय, आणि पुढची सगळी गोष्ट त्याभोवती फिरते.

जीनो मार्चेटी अँटिऑक नावाच्या गावातला, इटालियन कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्याच्या आईला शत्रूराष्ट्राची नागरिक ठरवून किनाऱ्याजवळच्या पट्ट्यातून हलवलं. मुलगा सैन्यात भरती झाला आणि युरोपात बल्जच्या लढाईपर्यंत लढला. चाचणीला तो आला म्हणे मोटारसायकलवरून, चामड्याचं जाकीट घालून, आणि प्रशिक्षकांना पहिल्या नजरेत अजिबात पसंत पडला नाही.

बॉब सेंट क्लेअर सहा फूट नऊ इंच उंच. कच्चं मांस खायचा, कच्चं काळीजसुद्धा. हे ऐकून आमच्या आत्याने "शी!" म्हणत चहाचा कप खाली ठेवला होता.

चेंडू फेकणारा एड ब्राऊन, पुढे शिकागो बेअर्सचा क्वार्टरबॅक. प्रशिक्षक जो कुहॅरिच, कडक शिस्तीचे. हंगामाआधी पोरांना उत्तरेकडच्या कॉर्निंग या शेतीच्या गावात नेऊन भर उन्हात पिदडायचे. आणि मैदानाबाहेर संघाची प्रसिद्धी सांभाळणारा पंचविशीतला एक तरुण होता, पीट रोझेल. नुकताच इथूनच पदवीधर झालेला. टंकयंत्रावर मॅटसनचे पराक्रम बडवून न्यूयॉर्कच्या पत्रकारांना धाडणं हे त्याचं काम. हे नाव लक्षात ठेवा.

हंगाम कसा गेला?

नऊपैकी नऊ जिंकले. सुरुवात सॅन होजे स्टेटला ३९–२ अशी चोपून, आणि तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून की काय, त्याच हंगामात त्यांनाच पुन्हा हरवलं. आयडाहो, सँटा क्लारा, शिवाय सैन्यदलांचे दोन संघ, सगळे पाठोपाठ पडले.

खरा घाम निघाला तो ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला, फोर्डहॅमविरुद्ध. तेही जेझुइटांचंच विद्यापीठ. हा सामना मुद्दाम महत्त्वाचा होता, कारण मत देणारे वजनदार पत्रकार पूर्व किनाऱ्यावर राहत आणि पश्चिमेत काय चाललंय याची त्यांना फारशी फिकीर नसे. मॅटसनने त्यांच्या डोळ्यांदेखत दोनदा किकऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना समोरच्यांनी लाथेने उडवलेला, चेंडू झेलला आणि दोन्ही वेळा नव्वद किंवा त्याहून जास्त यार्ड पळवत थेट टचडाऊन केला. हे किती दुर्मीळ आहे हे क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एकाच डावात दोनदा हॅटट्रिक घेण्यासारखं. तरीही सामना ३२–२६ असा काठावरच सुटला.

नोव्हेंबरमध्ये स्टॉकटनला कॉलेज ऑफ पॅसिफिकशी गाठ पडली. तो संघ चांगला नावाजलेला, आणि या सामन्यावर बोलवाल्यांची नजर आहे असं सगळे धरून चालले होते. डॉन्स ४७–१४ ने जिंकले. शेवटचा सामना २४ नोव्हेंबरला लोयोलाविरुद्ध, पॅसाडिनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये: २०–२.

गुणफलकावर दोनदा '२' कसे? चुकून छापलंय का?

नाही, ही मला आवडणारी बारीक गोष्ट आहे. चेंडू हातात असलेल्या संघाला त्याच्याच शेवटच्या पट्ट्यात पाडलं की समोरच्याला २ गुण मिळतात. त्याला सेफ्टी म्हणतात. त्या काळी नेमके २ गुण मिळवायचा दुसरा मार्गच नव्हता. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू घेऊन एकदाही पट्टा गाठला नाही. जे काही मिळालं ते डॉन्सच्या एखाद्या क्षणाच्या घसरणीमुळे.

मग बोलचं निमंत्रण का आलं नाही?

आधी नकाशा बघा. रोझ बोल सामना विद्यापीठांच्या दोन ठरावीक महासंघांसाठी (आपसात खेळणाऱ्या गटांसाठी) राखीव होता. डॉन्स कुठल्याच महासंघात नव्हते, तेव्हा तो प्रश्नच नव्हता. उरले ते मोठे सामने दक्षिणेत: मायामीत ऑरेंज बोल, न्यू ऑर्लीन्सला शुगर बोल, जॅक्सनव्हिलला गेटर बोल. दक्षिणेत तेव्हा वर्णभेद कायद्यानेच चालत होता. बस, शाळा, हॉटेल, पाण्याचा नळ, सगळं वेगळं. गोऱ्यांबरोबर काळ्यांनी एका मैदानावर खेळणं अनेकांना मंजूर नव्हतं.

डॉन्सच्या कानावर असं आलं की मॅटसन आणि टोलरला घरी ठेवून या, मग बघू. संघाने उत्तर दिलं: नाही. पुढे म्हाताऱ्या झालेल्या खेळाडूंनी हे अनेकदा सांगितलं आहे आणि सगळ्यांचा सूर एकच आहे, की यावर चर्चा झाली नाही, मतदान झालं नाही, विचार करायला वेळ मागितला गेला नाही.

तशी लेखी अट होती का?

असल्या गोष्टी कुणी कागदावर उतरवत नाही. आपल्याकडेही घर भाड्याने देताना "आम्हाला आपली शाकाहारी माणसं हवीत" एवढंच म्हणतात, समोरच्याला काय समजायचं ते समजतं. कोणी कोणाला, कुठे, कोणत्या शब्दांत सांगितलं हे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. कोणी ऑरेंज बोलचं नाव घेतं, कोणी गेटरचं. वातावरण काय होतं याचा पुरावा मात्र त्याच ऑक्टोबरमध्ये अख्ख्या देशाने पाहिला. ओक्लाहोमात स्टिलवॉटरला ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा प्रतिस्पर्ध्याने चेंडू जवळ नसताना मारून फोडला. त्या प्रसंगाच्या छायाचित्रमालिकेला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

पण त्यांचे प्रतिस्पर्धीच हलके होते, असंही वाचलं. खरं काय?

हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. सॅन होजे स्टेट दोनदा, वर सैन्यतळांचे संघ: हे काही दिग्गजांचं वेळापत्रक नव्हे. बड्या विद्यापीठांना डॉन्सशी खेळून फायदा नव्हता. जिंकले तर काय मोठंसं, हरले तर नाचक्की. पत्रकारांच्या अखेरच्या क्रमवारीत डॉन्स चौदावे होते, पहिल्या पाचात नव्हते.

पण मग हे बघा. गेटर बोलमध्ये खेळले मायामी आणि क्लेमसन, दोघेही त्या हंगामात हरून आलेले. आणि स्टॉकटनचा तो पॅसिफिक, ज्याला डॉन्सनी ४७–१४ धुतलं होतं, त्याला टेक्ससमधल्या सन बोलचं निमंत्रण मिळालं! त्या पॅसिफिककडे एडी मॅकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता हे ध्यानात घेतलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. सगळ्या बोलवाल्यांचं एकच धोरण नव्हतं. डॅलसच्या कॉटन बोलने तर १९४८ सालीच पेन स्टेटच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना मैदानावर उतरू दिलं होतं. म्हणजे दार उघडता येत होतं. ज्यांनी उघडलं नाही त्यांना ते उघडायचं नव्हतं, एवढंच. हलकं वेळापत्रक ही खोटी सबब नव्हती, सोयीची सबब होती. असं माझं मत.

बाकीच्या पोरांनी केवढा त्याग केला ना!

इथे माझा आवाज जरा चढतो, घरचे हसतात. ही गोष्ट नेहमी अशी सांगितली जाते, की गोऱ्या सवंगड्यांनी दोन काळ्या मित्रांसाठी निमंत्रण नाकारलं. ते खरंच आहे आणि १९५१ साली ते सोपंही नव्हतं. पण तशा सांगण्यात मॅटसन आणि टोलर गोष्टीच्या कोपऱ्यात उभे राहतात, ज्यांच्यासाठी काही केलं गेलं असे. 'संघाने नकार दिला' म्हणताना ते दोघे त्या संघातच होते की! सगळ्यात जास्त धावलेला एक, समोरच्यांना सगळ्यात जास्त अडवणारा दुसरा. अपमान नऊच्या नऊ सामने जिंकून देणाऱ्यांचा झाला होता. आणि जुने खेळाडू स्वतः 'त्याग' हा शब्द वापरत नसत. मार्चेटीसारखा माणूस, ज्याच्या आईला सरकारने घर सोडायला लावलं, त्याला 'या दोघांना मागे ठेवा' हे वाक्य कसं ऐकू आलं असेल?

पुढच्या वर्षी मग त्यांनी वचपा काढला असेल?

पुढचं वर्ष आलंच नाही. हंगाम संपताच विद्यापीठाने मोठ्या पातळीवरचा फुटबॉल बंद केला. तूट सुमारे ७०,००० डॉलरची होती असं सांगतात. बोलच्या मानधनाने ती बरीचशी भरून निघाली असती.

तरी सगळं खापर त्या न आलेल्या निमंत्रणावर फोडणंही बरोबर नाही. शेजारच्या सेंट मेरीजने १९५०नंतर संघ गुंडाळला होता, लोयोलाने १९५१नंतर, सँटा क्लाराने १९५२नंतर. फोर्डहॅमनेही १९५४नंतर गाशा गुंडाळला. कॅथलिक कॉलेजं एकापाठोपाठ एक बाहेर पडत होती. आक्रमण आणि बचावासाठी वेगवेगळे गडी बाळगायची पद्धत आली होती, म्हणजे शिष्यवृत्त्या दुप्पट. त्यात सॅन फ्रान्सिस्कोत १९४६पासून फोर्टीनाइनर्स हा व्यावसायिक संघ याच केझारवर खेळत होता. साठेक हजारांचं ते मैदान भरायचं तर प्रेक्षक आणायचे कुठून? चिमुकल्या विद्यापीठाला हे ओझं कधीतरी उतरवावं लागणारच होतं. ते अजिंक्य ठरलेल्या वर्षी उतरवलं गेलं ही चटका लावणारी गोष्ट.

(विद्यापीठ खेळात संपलं असं मात्र समजू नका. १९५५ आणि १९५६ साली याच डॉन्सनी बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं, बिल रसेलच्या जोरावर. फुटबॉलसाठी लागतात त्याच्या पावपट खेळाडूंत.)

खेळाडूंचं पुढे काय झालं?

एका छोट्या कॉलेजच्या एका संघातून नऊ-दहा जण व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले, आणि त्यातले तिघे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात. असं उदाहरण सापडणं कठीण.

मॅटसन १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावला, कांस्य घेतलं, ४×४०० रिलेत रौप्य. मग शिकागो कार्डिनल्सकडून खेळला. तिथे प्रशिक्षक कोण? पुन्हा कुहॅरिच. १९५९ साली लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला घेतलं ते तब्बल नऊ जणांच्या बदल्यात. हा अचाट सौदा करणारे रॅम्सचे व्यवस्थापक होते पीट रोझेल. तोच, टंकयंत्रवाला. वर्षभरात, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, रोझेल एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचे, कमिशनर झाले आणि १९८९पर्यंत राहिले. दूरचित्रवाणी आणि फुटबॉल यांची जी घट्ट गाठ आज दिसते ती त्यांनी बांधली.

मार्चेटी बाल्टिमोर कोल्ट्सकडे गेला. १९५८च्या अंतिम सामन्यात पाय मोडला तरी मैदान सोडायला तयार नव्हता, कडेला झोपून बघत राहिला. मॅटसन आणि तो, दोघेही १९७२ साली एकाच दिवशी हॉल ऑफ फेममध्ये गेले.

सेंट क्लेअरला शेवटचं वर्ष तुल्सा विद्यापीठात काढावं लागलं, कारण इथे संघच उरला नव्हता. मग तो फोर्टीनाइनर्सकडे परत आला, म्हणजे परत केझारवरच. शाळा, कॉलेज, व्यावसायिक कारकीर्द, सगळं त्याच गवतावर. शेजारच्या डेली सिटीचा महापौरही झाला. जुनं केझार १९८९ साली पाडून छोटं बांधलं, त्या मैदानाला आज त्याचंच नाव आहे. माझ्या सकाळच्या फेरीत ती पाटी रोज दिसते.

नंतर कुणी दखल घेतली का?

उशिरा का होईना, घेतली. २००० साली अमेरिकी सिनेटमध्ये त्यांच्या गौरवाचा ठराव झाला. २००६ साली विद्यापीठाने संघाला मानद डॉक्टरेट दिली. २००८ साली ॲरिझोनातल्या फिएस्टा बोलने हयात खेळाडूंना पाहुणे म्हणून बोलावलं. सत्तावन्न वर्षांनी आलेलं बोलचं आमंत्रण, आणि तेही गॅलरीतून बघायला. दक्षिणेतल्या सामन्यांतली भिंत त्याआधीच पडली होती. शुगर बोलमध्ये १९५६ साली पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर खेळला, जॉर्जियाच्या गव्हर्नरने आकांडतांडव करूनही.

आणि टोलर? त्याचं तुम्ही सांगितलंच नाही.

मुद्दाम शेवटी ठेवला. क्लीव्हलंड ब्राउन्सने त्याला निवडलं होतं. पण १९५२च्या ऑगस्टमध्ये शिकागोला कॉलेज खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्यात गुडघा गेला आणि व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. ज्या संघातले इतके जण पुढे गाजले, त्यात टोलर सगळ्यांत सरस होता असं सांगणारे जुने सवंगडी अनेक होते.

तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक. शहरातल्या माध्यमिक शाळेचा पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. आठवडाभर शाळा आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी घेऊन पंचगिरी. १९६५ साली तो एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला, रोझेल कमिशनर असतानाच, आणि पंचवीस हंगाम त्याने ते काम केलं. विद्यापीठातल्या एका वसतिगृहाला जेम्स फेलन यांचं नाव होतं. हे जुने महापौर आणि सिनेटर, १९२० साली 'कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच ठेवा' या घोषणेवर निवडणूक लढवलेले. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि २०१७ साली ती पाटी उतरली. आता तिथे बर्ल टोलर हॉल आहे.

२० जानेवारी १९८० रोजी टोलर सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, पंच होता, ते काम करणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस. तो सामना पॅसाडिनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये झाला, जिथे अठ्ठावीस वर्षांपूर्वी डॉन्सनी लोयोलाला २०–२ ने हरवून आपला शेवटचा सामना संपवला होता.